ट्रॅक्टर कुणाच्या दारात उभा राहतो?

बँकेच्या ट्रॅक्टर कर्जाच्या अर्जात सगळं विचारलेलं असतं. नाव, वय, सातबारा, आठ-अ, विहिरीची खोली, मोटारीची एचपी, चतुःसीमा, जामीनदार, आधीचं कर्ज. अर्जदार दहा वर्षांचा असताना त्याच्या घरी बैल होते का, एवढं मात्र कुठल्याच रकान्यात नसतं. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात बँकेचा शेती अधिकारी म्हणून माझी सगळी नोकरी झाली. त्या नोकरीत माझं एक मत बनलं. ट्रॅक्टर कोण घेणार आणि जमीन कोण सोडणार नाही, याचा अंदाज या न विचारलेल्या प्रश्नावरून जितका येतो, तितका उत्पन्नाच्या दाखल्यावरून येत नाही.

आधी हिशेब सांगतो. आज ४०-४५ एचपीचा ट्रॅक्टर अवजारांशिवाय सात-आठ लाखांना पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. सहा लाखांचं कर्ज सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर वर्षाचा हप्ता सव्वा लाखाच्या आसपास जातो. पाच एकरवाल्यानं नांगरट, रोटाव्हेटर, सरी, पेरणी सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरनं करून घेतलं, तरी वर्षाला तीस-चाळीस हजारांच्या पुढे फारसं जात नाही. स्वतःच्या पाच एकरांत त्याचा ट्रॅक्टर वर्षाकाठी पन्नास-साठ तास चालेल. तो परवडायचा तर वर्षाला हजार तास चालला पाहिजे, असं आम्हाला शिकवलेलं होतं. माझ्या उमेदीच्या काळात आठ एकर बारमाही बागायत असल्याशिवाय आम्ही ट्रॅक्टरच्या फाइलला हात लावत नसू.

आणि जमीन तर दर पिढीला आटतेय. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. एवढ्याशा रानात ट्रॅक्टर वळवायलाच जागा पुरत नाही. तरीही देशात वर्षाला नऊ लाखांच्या घरात ट्रॅक्टर खपतात. संख्येनं इतके जगात दुसऱ्या कुठेच खपत नाहीत.

बैल परवडत नाहीत, हे त्याचं एक उत्तर आहे आणि ते खरंही आहे. जोडी बारा महिने खाते, काम मात्र दोन-अडीच महिन्यांचं. कडबा महाग, राखायला माणूस नाही. पण मग गरजेपुरता ट्रॅक्टर भाड्यानं बोलवावा, विकत कशाला? इथून पुढचं उत्तर माणसाच्या लहानपणात सापडतं.

माझ्याच घरचं सांगतो. विट्याच्या पूर्वेला आमचं गाव. वडील, म्हणजे आण्णा, मुंबईला लालबागच्या गिरणीत. गावाकडे आजी, आई, आम्ही तीन भावंडं, सहा एकर जिरायत आणि एक बैल. एका बैलानं शेती होत नाही, म्हणून आमचा चुलत चुलत्यांशी पैरा असे. त्यांचा एक बैल, आमचा एक; जोडी जुंपायची आणि दोघांची रानं आळीपाळीनं करायची. ऐकायला हे झकास वाटतं. सहकाराची, सावडीची आठवण काढून शहरातली मंडळी हळवी होतात. पण पैऱ्यात पाळी कुणाची आधी, हे कोण ठरवणार? ज्याच्या घरात कर्ता पुरुष आहे, तो.

आमच्याकडे शाळूचं पीक. हस्ताचा पाऊस पडला की रानाला घात येते. काळ्या रानात ओल आठवडाभर टिकते. आमच्या मुरमाड रानात चार-पाच दिवसांत उडून जाते. तेवढ्यात पेरणी झाली तर झाली. नाहीतर बी मातीत पडतं, पण उगवत नाही. चुलत्यांचं रान आधी व्हायचं. त्यानंतर त्यांच्या मेव्हण्याचं. आमच्या भागात बाईनं नांगर-पाभर धरायची नाही असा दंडक, त्यामुळे आईला नुसता बैल मिळून भागत नसे, माणूसही मागावा लागे. ती सांज करून कंदील घेऊन त्यांच्या दारात जायची. सोबत मी. ती उंबऱ्याच्या आत जात नसे. बाहेरूनच विचारायची, "दादा, उद्या आमच्याकडं येतासा का? ओल हटाय लागलीया." चुलते जेवत असले तर ताटावरून मान वर न करता म्हणायचे, "बघू की वैनी उद्या." त्या 'बघू की'मध्ये दोन दिवस जायचे. चुलते दुष्ट नव्हते. अडीनडीला तेच धावून यायचे. पण घात सगळ्यांची एकाच दिवशी येते आणि बैल दोनच असतात, त्याला तेही काय करणार?

१९७२ च्या दुष्काळात तो एक बैलही गेला. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जी खिलार जनावरं माणदेशाचं भूषण म्हणून मिरवायची, ती त्या साली मिळेल त्या भावाला गेली. आई नाला-बंडिंगच्या कामावर आणि खडी फोडायला जाऊ लागली. आम्ही लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, कामावर वाटलेली सुकडी खाल्ली. गावात त्या वेळी ट्रॅक्टर एकच होता. पाटलांच्या वाड्यासमोर लाल रंगाचा इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून १९६३ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली होती, तिचा. हरियाणातल्या फरिदाबादेत आयशरनं १९५९ मध्ये देशातला पहिला ट्रॅक्टर बनवला खरा, पण त्यानंतर कित्येक वर्षं ट्रॅक्टर म्हणजे पैसे भरून नंबर लावायची वस्तू होती. पाटलांचा ट्रॅक्टर उन्हाळ्यात रोख पैसे घेऊन नांगरटीला यायचा. ज्याच्याकडे रोकड नाही त्याच्याकडे यायचा नाही. आमच्याकडे तो कधी आला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांत आण्णा गावी आले ते कायमचे. आमच्या तालुक्यात असे शेकडो लोक परतले. मुंबईत युनियन पाहिलेली माणसं गावात गप्प बसणारी नव्हती. मुक्ती संघर्ष चळवळ त्यांच्यातूनच उभी राहिली. येरळा नदीतली वाळू विकून आणि श्रमदानातून बळीराजा धरण त्यांनी बांधलं, आणि पाण्याचा वाटा भूमिहीनालासुद्धा मिळाला पाहिजे असा आग्रह धरला. जमीन असो नसो, पाणी माणशी वाटायचं, ही कल्पना गिरणीत वाढलेल्या डोक्यातच येऊ शकते. पाटलाच्या वाड्यात वाढलेल्याला ती सुचली नसती, असं मी म्हटलं तर कुणी रागावू नये.

माझ्या धाकट्या भावानं नव्वदच्या दशकात ट्रॅक्टर घेतला. मी तोवर नोकरीत मुरलो होतो. परतफेडीचं कोष्टक मीच मांडून दिलं आणि ते बसत नाही हेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बुकिंग केलं. आईनं ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं, टायरखाली नारळ ठेवला आणि भावाला एवढंच सांगितलं, की घात आली की ज्या घरात बाई एकटी आहे तिचं रान आधी करायचं, मग बाकीच्यांचं. भाऊ अजूनही कुरकुरतो. त्या घरांचे पैसे सुगीशिवाय येत नाहीत, डिझेल मात्र रोख लागतं. पण नियम चालू आहे. आता मला सांगा, हे कोष्टकाच्या कुठल्या ओळीत बसवायचं?

असे ट्रॅक्टर मी पुष्कळ पाहिले. मागायला जावं लागू नये म्हणून घेतलेले. नोकरीत मी एक सवय लावून घेतली होती. तपासणीला गेलो की आधी ट्रॅक्टरचं तासांचं मीटर बघायचं. स्टिअरिंगच्या मागे छोट्या खिडकीत ते आकडे असतात. मालक काहीही सांगो, इंजिन किती तास चाललं ते तिथे कळतं. ज्या घरात पूर्वी बैलांसाठी हात पसरावे लागले, तिथलं मीटर पळत असतं. स्वतःचं झालं की गडी दुसऱ्याच्या रानात जातो, रात्री लाइट लावून नांगरतो.

उलट काही शेडमध्ये पाच वर्षांचा ट्रॅक्टर आणि मीटरवर चारशेसुद्धा तास नाहीत. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. हा ट्रॅक्टर हमखास गलाईवाल्याचा.

गलाई म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, तेजाबानं त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध धातू सराफाला परत द्यायचा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि लगतच्या खटाव-माणमधली माणसं दुष्काळाला कंटाळून या धंद्यात शिरली आणि देशभरच्या सराफ बाजारांत पसरली. केरळ, तमिळनाडू, दिल्ली, पंजाब, बंगाल, कुठेही सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत जा, भट्टीवर विट्याकडची मराठी ऐकू येते. पोरगा सातवी-दहावी झाला की मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात पाठवायचा, ही रीत. तिथं तो दुकानातच झोपणार, मालकाच्या घरी जेवणार, तेजाबाच्या वाफेत खोकत काम शिकणार. पाच-सहा वर्षांनी मामा त्याला दुसऱ्या गावात दुकान टाकून देणार. गावाकडे तो येणार दसऱ्याच्या पालख्यांना किंवा रेणावीच्या रेवणसिद्धाच्या यात्रेला.

हा मुलगा शेतात वाढलेला नाही. नांगराचं रुमणं त्यानं धरलं नाही, घात म्हणजे काय ते त्याला पुस्तकी ठाऊक. तरी पैसा हातात आला की तो पहिली जमीन घेतो, मग बंगला बांधतो, मग ट्रॅक्टर. त्रिशूरला दुकान असलेल्या एका गृहस्थाला मी एकदा विचारलं, की ट्रॅक्टरचा तुम्हाला उपयोग काय? वाटेकऱ्याकडे रान, वर्षातून आठ दिवस तुम्ही इथे. ते म्हणाले, "साहेब, तिकडं दुकान भाड्याचं, घर भाड्याचं. पंचवीस वर्षं झाली, अजून मला परगावचाच धरतात. आणि इकडं गावात आलो तर लोक म्हणायचे, तो काय, सोन्याच्या भट्टीवरचा पोरगा. आता दारात ट्रॅक्टर हाय म्हटल्यावर सोसायटीच्या मीटिंगला बोलावत्यात." त्यांच्या दृष्टीनं ट्रॅक्टर पूर्ण वसूल झाला होता.

या गलाईच्या पैशाचं कौतुक सगळे करतात. शाळांना वर्गखोल्या, देवळांना कळस, व्यायामशाळा, सगळं त्यातून झालं. मला त्यातली दुसरी बाजू बोलायची आहे. कृष्णेवरच्या टेंभू योजनेचं पाणी उचलून आमच्या पठारावर आलं आणि ज्या रानाला कुत्रं विचारत नव्हतं तिथे डाळिंब, द्राक्ष, ऊस उभा राहिला. त्याआधीच अर्धी शिवारं बाहेरगावच्या पैशानं घेऊन ठेवलेली. आता जमिनीचा भाव रान काय पिकवतं यावर ठरत नाही, भट्टीवाल्याच्या खिशावर ठरतो. जो रोज त्या रानात राबतो त्याला शेजारचे दोन एकर घ्यायचे म्हटले तर दोन जन्मांत फिटणार नाहीत. जमीन लहानपणी हुकली म्हणून मोठेपणी घेणारा माणूस मला समजतो. पण त्यानं घेतलेली जमीन ज्याच्या मुलाच्या लहानपणातून वजा झाली, तोही आमच्याच गावचा असतो.

जमिनीच्या बाबतीत तर लहानपण नुसतं मनात नसतं, ते कायद्यात असतं. महाराष्ट्रात शेतजमीन कुणालाही घेता येत नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं ६३ वं कलम सांगतं की, शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येणार नाही. आणि आपण शेतकरी आहोत हे दाखवायचं कसं? सातबारा काढून. तो बहुधा बापाकडून आलेला. म्हणूनच पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारी, मुलगा परदेशात असलेली माणसं गावाकडचे दहा गुंठे विकत नाहीत. त्या दहा गुंठ्यांत काही पिकत नाही, बांधावर बाभळी माजलेल्या. पण ते गेले तर पुढच्या पिढीचं 'शेतकरी'पण गेलं, आणि मग नातवाला कधी जमीन घ्यावीशी वाटली तर दारं बंद. दहा गुंठे म्हणजे जेमतेम अकरा हजार चौरस फूट. त्यावर तीन-तीन भावांची आणि पाच-पाच बहिणींची नावं मी पाहिली आहेत.

याच कायद्यानं माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांना पहिल्यांदा जमीन दिली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं, आणि कलम ३२-ग खाली किंमत ठरून ती भरली की ३२-म चं प्रमाणपत्र मिळायचं. सगळ्यांना मिळालं असं नाही. कायदा येतोय म्हटल्यावर अनेक ठिकाणी कुळांकडून आधीच 'राजीखुशीनं' राजीनामे लिहून घेतले गेले. पण ज्यांना मिळालं त्यांच्या घरी जाऊन बघा. एका घरात ३२-म चा तो पिवळा पडलेला कागद फ्रेम करून देवघराशेजारी लावलेला मी पाहिला आहे. तारण म्हणून जमीन लिहून द्यायला ते कुटुंब शेवटपर्यंत तयार झालं नाही. ट्रॅक्टर नको, विहीर नको, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा नको. म्हातारा म्हणाला, "माझ्या बानं दुसऱ्याच्या नावाचं रान कसलं. माझ्या नावापुढं आता बँकेचं नाव लावू व्हय?" त्याच्या शेजारचं घर पूर्वीच्या जमीनदाराचं. त्यांची जमीन कायद्यानं गेली, उरलेली त्यांनी बिनदिक्कत विकली, आणि मुलं डॉक्टर-इंजिनीअर झाली. शिवार एकच, पण एका घरातलं पोर जमीन मिळाल्याच्या गोष्टी ऐकत वाढलं, दुसऱ्या घरातलं जमीन गेल्याच्या.

सगळ्यात अवघड फाइली असायच्या त्या ज्यांच्याकडे जमीन नाहीच, पण ट्रॅक्टर हवा. हा मुलगा सहसा जतकडच्या किंवा आटपाडीच्या आडगावचा. आईबाप ऊसतोडीला, तो लहानपणी कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या खोपटात वाढलेला. तिथं पहाटे उसाच्या मोळ्या भरून घ्यायला जो ट्रॅक्टर यायचा, त्याचा ड्रायव्हर हा त्याला दिसलेला पहिला मोठा माणूस. कोयता चालवणाऱ्याला मुकादम शिव्या देतो, ड्रायव्हरला चहा देतो, एवढं त्या वयात कळतं. हा पोरगा पुढे किन्नर (क्लीनर), मग ड्रायव्हर आणि मग मालक व्हायचं स्वप्न बघतो. जमीन त्याच्या स्वप्नात नसते. कायदा शेतमजुराला अडवत नाही, पण एकराचा भाव अडवतो. अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबांसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना २००४ पासून आहे, चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत द्यायची. पण सरकारी दरात जमीन विकायला कोण तयार होतो?

मग तो ट्रॅक्टर घेतो, दोन ट्रॉल्या घेतो आणि कारखान्याशी ऊस वाहतुकीचा करार करतो. इथं खरी मेख आहे. कारखाना वाहतूकदाराला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती त्यानं मुकादमाला द्यायची आणि मुकादमानं मजुरांची टोळी आणायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दहा-बारा कोयत्यांची टोळी उभी करायला लाखांत उचल द्यावी लागते. दसऱ्यानंतर टोळी आली तर ठीक. आली नाही, किंवा निम्मी आली आणि महिन्यात रातोरात पळाली, तर उचल बुडाली. कारखाना ती वाहतूकदाराच्या बिलातून वसूल करतो, बँकेचा हप्ता तसाच उभा, ट्रॅक्टर दारात. मुकादमाच्या मागे गावोगाव फिरणारे, हातातल्या वहीत अंगठे आणि स्टॅम्पपेपर घेऊन पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारे तरुण वाहतूकदार दर हंगामात दिसतात. ऊसतोड मजुराचं शोषण खरं आहे, त्यावर पुष्कळ लिहिलंही गेलं. त्याच मजुराच्या पोटी जन्मून ट्रॅक्टरवर चढलेल्या या पोराबद्दल कुणी लिहीत नाही.

त्याच्या ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात टेप लागलेला असतो, समोर लायटिंग, मागच्या ट्रॉलीवर 'आई-वडिलांची कृपा'. गावातली शहाणी माणसं हसतात. मी हसत नाही. त्याच्या ट्रॅक्टरच्या मीटरवर वर्षाला हजाराच्या वर तास असतात, आणि माझ्या पाहण्यात ट्रॅक्टरचा हिशेब खऱ्या अर्थानं फक्त त्याच्याकडेच बसायचा, टोळी पळाली नाही तर.

या सगळ्या गोष्टींत मुलगी कुठे आहे, असं कुणी विचारलं तर ती बहुतेक वेळा हक्कसोडपत्रावर आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं कायदा बदलला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आला. पण बँकेत भावाचं कर्ज मंजूर व्हायचं तर सातबाऱ्यावरची बहिणींची नावं कमी झालेली बरी, म्हणून त्यांना बोलावून सह्या घेतल्या जातात. साडी-चोळी होते, माहेर शाबूत राहतं. लहानपणापासून तिनं ऐकलेलं असतं, की तुझं घर तिकडं. बी टोकताना, भांगलताना, काढणीला तिचे हात होते, पण आपलं रान असं म्हणायची तिला सवयच लागत नाही. शेतकरी नेते शरद जोशींनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्यानं स्वखुशीनं थोडी तरी जमीन बायकोच्या नावावर करायची. स्वतः जोशी टपाल खात्यातल्या नोकरदाराच्या घरी वाढलेले, स्वित्झर्लंडची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेतीत उतरलेले. वाढलेल्या घरानं माणसाचं सगळं ठरतं, या माझ्या म्हणण्याला ते सणसणीत अपवाद आहेत, हे इथे नोंदवून ठेवतो.

१९९२ मध्ये शासनानंही लक्ष्मीमुक्तीसारखी योजना काढली. पण जे भाषणांनी फारसं झालं नाही, ते अलीकडे अनुदानानं थोडं होताना दिसतं. ट्रॅक्टरला इतरांना एक लाखापर्यंत अनुदान, तर महिला, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींना सव्वा लाखापर्यंत. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा तर सातबारा अर्जदाराच्या नावाचा लागतो. झालं, नंबर लागावा म्हणून लोक बायकोच्या नावावर अर्धा-एक एकर करू लागले. हेतू काही का असेना, फेरफारावर तिचं नाव चढलं. एका बाईंनी मला सही करताना विचारलं होतं, "साहेब, ट्रॅक्टर फिटल्यावर हे नाव काढत न्हाईत न्हवं?" काढता येत नाही, असं मी सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही.

ट्रॅक्टर घ्यावा की नाही, हे सांगायला मी आता बँकेत नाही. ज्यांना घ्यायचा आहे ते घेणारच. पण शोरूममध्ये जायच्या आधी एका वहीत आपल्या गावात आपल्याला वर्षाला किती तासांचं काम मिळेल ते लिहून काढा. पाचशेच्या आत आकडा आला तर भाड्यानंच करून घ्या, किंवा चार शेतकरी मिळून अवजार बँक काढा. ऊस वाहतुकीसाठी घेणार असाल तर मुकादमाची मागच्या हंगामाची हकिकत त्याच्याच गावात जाऊन विचारा. जमीन घेताना नुसता आजचा सातबारा बघू नका, तीस वर्षांचे फेरफार काढा, इतर हक्कातला प्रत्येक शेरा वाचून घ्या. आणि कर्जासाठी बहिणीला सहीला बोलावण्याआधी बँकेत एकदा विचारून या, की तिचं नाव ठेवूनही कर्ज मिळतं का. मिळतं, तिची सहकर्जदार म्हणून सही लागते, एवढंच.